पेट्रोलचं मूळ गाव

आल्हादराव क्षेमकल्याणी वाईट माणूस आहेत असं मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. वाईट बोलायला ते जागाच ठेवत नाहीत, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीत ते आणि मी अठरा वर्षं समोरासमोर राहतो. या अठरा वर्षांत त्यांचं दार कधी करकरलं नाही, त्यांच्या कुंडीतला मोगरा कधी वाळला नाही आणि त्यांना साधी सर्दी झालेली मी पाहिली नाही. मी वेणीमाधव गायधनी, पंचवटीतल्या एका शाळेत सव्वीस वर्षं भूगोल शिकवतो. माझं दार करकरतं.

गेल्या संक्रांतीच्या आठवड्यात आल्हादराव आणि अपूर्वावहिनी ह्यूस्टनहून परत आले. लेकीकडे दोन महिने राहून आले होते. सोसायटीच्या तिळगुळाला आम्ही सगळे खाली पार्किंगमध्ये जमलो होतो. कुणीतरी रीतीप्रमाणे विचारलं, "काय मग, अमेरिका काय म्हणते?"

आल्हादरावांनी तिळाची वडी तोंडात टाकली, सावकाश चावली आणि म्हणाले, "तिकडे काही लोक पेट्रोल भरताना एक विचार करतात. आपण करत नाही."

"कसला?"

"की हे तेल आलं कुठून. कुठल्या देशातून. आपले पैसे कुणाच्या हातात जातात, तो त्यातून शाळा बांधतो की बंदुका घेतो. मी तर ठरवून टाकलंय. ज्या कंपनीचं तेल मनाला पटेल तिच्याच पंपावर गाडी न्यायची. चौकशी केली मी. दिंडोरी रोडला एक पंप आहे, त्यांचं बरंचसं तेल आपल्याच समुद्रातलं. उद्यापासून मी तिथे."

पार्किंगमध्ये शांतता पसरली. असली शांतता माझ्या वर्गात सव्वीस वर्षांत एकदाही पसरलेली नाही. आणि मी काय शिकवतो? हेच. तेल कुठे सापडतं, कुठून कुठे जातं. मुलांकडून जगाच्या नकाशात तेलाचे देश रंगवून घेता घेता माझ्या खडूंची धूळ झाली. माझ्या सोसायटीतल्या एकाही माणसाने मला कधी विचारलं नाही, की गायधनी सर, हे तेल येतं कुठून हो?

"आल्हादराव, तसं नसतं ते," मी म्हणालो. "बोटींतून दहा-पंधरा देशांचं तेल येतं, कारखान्यात एकत्र उकळतं, एकाच नळीतून वाहतं. पंपावर पोचेपर्यंत त्यातलं कुठलं कुठलं हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. पिठाच्या गिरणीसारखं आहे. आपल्या गव्हात आधीच्या माणसाची ज्वारी यायचीच."

"म्हणून तर मी आधी कुणाचं दळण होतं ते विचारते आणि मगच डबा देते," उत्तरा म्हणाली.

उत्तरा म्हणजे माझी पत्नी. सगळे हसले. आल्हादरावही हसले, पण बेताने, माझी कीव आल्यासारखे. जिना चढताना उत्तरा म्हणाली, "काही म्हणा, आल्हादभावजींनी तिकडून विचार आणला. लोक चॉकलेटं आणतात."

"पण विचार चुकीचा आहे."

"तुम्हाला कुणाचं चांगलं म्हणून बघवत नाही," ती म्हणाली आणि कुलूप उघडलं. दार करकरलं.

मत्सर हा शब्द मी इथे वापरणार नाही. मला फक्त पुरावा हवा होता.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी जवळच्या पंपावर स्कूटर घातली. पेट्रोल भरणाऱ्या ताई म्हणाल्या, "शून्य बघा."

"ताई, शून्य बघितलं. हे पेट्रोल कुठलं?"

"मनमाडचं."

"तसं नव्हे. मूळचं. कुठल्या देशातलं?"

ताईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. मी शाळेतून थेट आलो होतो. खिशाला दोन पेन, हातात चामडी बॅग, चष्मा नाकावर उतरलेला. त्यांनी आत हाक मारली, "दीपकभाऊ, साहेब आलेत!"

आतून मॅनेजर दीपक शर्टाचं बटण लावत धावत आला. त्याने मला 'या साहेब' म्हणून केबिनमध्ये नेलं, खुर्ची पुसली आणि मी तोंड उघडायच्या आत पाच लिटरचं पितळी माप आणून टेबलावर ठेवलं. त्यात पेट्रोल ओतून दाखवलं. थेंबभरही कमी नव्हतं. मग घनता मोजायची काचेची नळी आली. मग फिल्टर पेपर आला, त्यावर थेंब टाकून तो उडताना मला दाखवण्यात आला. मग स्वच्छतागृहाची किल्ली आली. मला वजनमापे खात्याचा माणूस समजून तो हे सगळं दाखवत होता हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी चहा निम्मा प्यायलो होतो, आणि निम्म्या चहानंतर खरं सांगणं फार अवघड असतं.

"सगळं ठीक आहे ना साहेब?" दीपकने विचारलं.

"ठीक आहे," मी म्हणालो. "पण कच्चं तेल कुठून येतं, याचा फलक का नाही?"

दीपकचा चेहरा पडला. "तसा नियम आलाय का?"

मी तक्रार वही मागितली आणि तीत सुंदर अक्षरात लिहिलं, 'इंधनाचे मूळ उगमस्थान ग्राहकांस कळेल असे दर्शनी भागात लावावे.' दीपकने मान वाकडी करून वाचलं. "साहेब, ही तक्रार धरायची की सूचना?"

"जिज्ञासा," मी म्हणालो आणि निघालो. आयुष्यात इतक्या रुबाबात मी कुठूनच निघालो नव्हतो. फक्त स्कूटर पाचव्या किकला सुरू झाली.

चार दिवसांत त्या पंपावर हवा भरायचं यंत्र दुरुस्त झालं, पिण्याच्या पाण्याचा नवा माठ आला, स्वच्छतागृहाला कडी बसली. सोसायटीत सगळे म्हणाले, आल्हादरावांनी विषय काढल्यापासून पंपवाले किती सुधारले बघा. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. चिमटा माझ्या हातातच मोडला.

आमच्या खालच्या मजल्यावर खंडेराव राहतात. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेत. पस्तीस वर्षं कोळशात काढल्यामुळे त्यांना कोणत्याही इंधनाबद्दल बोलायचा अधिकार आहे असं ते मानतात. मी त्यांना माझी बाजू सांगितली. ते म्हणाले, "सर, तुमचं बरोबर हाय. आमच्याकडं चार खाणींचा कोळसा यायचा. एकाच भट्टीत जायचा. तुमच्या घरातला बल्ब कोणत्या खाणीचा, सांगा बरं. नाय सांगता येत. पण तोंडी बोलून उपयोग नाय. कागद पाहिजे. सरकारी कागद दाखवा, आल्हादराव गप बसतील."

कागद! मला हे आधीच सुचायला हवं होतं.

म्हणून मी एका सरकारी कचेरीत गेलो. कोणत्या ते सांगत नाही, माझं तिथे अजून काम पडू शकतं. तीन टेबलं फिरल्यावर चौथ्या टेबलावर एक बाई म्हणाल्या, "रॉकेल बंद झालंय काका." मी म्हणालो, मला रॉकेल नकोय. त्यांनी मान वर केली आणि उठूनच उभ्या राहिल्या. "सर! मी पूजा. नववी ब. तुम्ही मला कुवेत चुकीच्या जागी रंगवला म्हणून बाकावर उभं केलं होतं."

मला ते आठवत नव्हतं, पण मी केलं असणार. पूजाने राग धरलेला नव्हता. तिने खुर्ची दिली, माझं म्हणणं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "सर, माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. आमच्याकडे नसलं तर ज्यांच्याकडे असेल त्यांच्याकडे आम्ही पाठवतो."

अर्ज मी तीन रात्री जागून लिहिला. 'नाशिक शहरातील पेट्रोल पंपांस होणारा पुरवठा मूलतः कोठून होतो, याची माहिती मिळावी.' पाठ्यपुस्तकात घालावं असं ते वाक्य होतं.

अर्जाचं उत्तर येईपर्यंतचा महिना फार वाईट गेला. आल्हादरावांनी सोसायटीच्या फलकावर एक रंगीत तक्ता लावला. त्यात कोणत्या कंपनीचं तेल कुठलं हे बाण काढून दाखवलं होतं, मनाला पटणाऱ्या कंपनीचे हिरवे, न पटणाऱ्यांचे लाल. बाण समुद्रावरून चालले होते. एक बाण तर हिमालय ओलांडून आला होता. मी लगेच त्याच्या शेजारी माझा तक्ता लावला, काळ्या शाईत, हाताने काढलेला, प्रमाणबद्ध, अक्षांश-रेखांशांसह. लोक आल्हादरावांच्या तक्त्यापुढे उभे राहायचे आणि माझ्या तक्त्यावर हात टेकायचे. आठवड्याभरात अरबी समुद्राच्या जागी कुणाच्या तरी तेलकट पंजाचा ठसा उमटला. एका अर्थी विषयाला धरूनच होता.

त्यात ज्येष्ठ नागरिक संघाने आल्हादरावांचं व्याख्यान ठरवलं. विषय 'आपण भरतो ते पेट्रोल'. मार्चमधला दुसरा रविवार, संध्याकाळी साडेपाच. मलाही त्या संघाने एकदा बोलावलं होतं. नेत्रतपासणी शिबिरात रांग लावायला.

उत्तरा व्याख्यानासाठी साडी इस्त्रीला देत होती तेव्हा पोस्टमन आला. सरकारी लिफाफा! मी तो तिच्यासमोर फोडला आणि मोठ्याने वाचायला लागलो. पहिलं पत्र म्हणत होतं, आपण मागितलेली माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात नाही, सबब आपला अर्ज संबंधित पुरवठा विभागाकडे वर्ग केला आहे. खाली दुसरं पत्र जोडलेलं होतं. ते पाणीपुरवठा विभागाचं होतं. 'आपल्या परिसरास होणारा पुरवठा गंगापूर धरणातून होतो. सध्या साठा समाधानकारक आहे.'

उत्तरा पलंगावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग म्हणाली, "आल्हादभावजींना दाखवू का?"

मी पत्र घडी करून खिशात टाकलं आणि खाली खंडेरावांकडे गेलो. त्यांनी कपाळावर हात मारला. "सर, मग आता एकच. मनमाडला जा. सगळ्या कंपन्यांचे डेपो तिथं. टँकर भरताना डोळ्यांनी बघा अन् या सांगत." ते असं म्हणाले खरं, पण म्हणताना त्यांनी नजर दुसरीकडे वळवली. का वळवली ते मला दोन दिवसांनी कळलं.

व्याख्यान रविवारी होतं. मी शनिवारी सकाळी उत्तराला म्हणालो, "चल, तुझ्या मावसबहिणीकडे मनमाडला जाऊन येऊ."

चार वर्षं ती मागे लागली होती. तिने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की मला क्षणभर स्वतःची लाज वाटली. तिने बहिणीसाठी डबाभर चिवडा घेतला आणि गाडीत गजरा माळून बसली. गाडी म्हणजे आमची चौदा वर्षांची लहान मोटार. ती एरवी लग्नकार्यालाच बाहेर निघते.

आडगाव नाक्याच्या पंपावर मी पेट्रोलसाठी वळलो, तर तिथे टँकर रिकामा होत होता. टँकर रिकामा होताना विक्री बंद ठेवतात. आम्ही थांबलो. थांबता थांबता माझ्या डोक्यात विचार आला, की हाच टँकर आता भरायला मनमाडला जाणार. याच्या मागे राहिलो तर डेपो शोधायला नको, ड्रायव्हरशी ओळख होईल, साक्षीदार आयता मिळेल. टँकर निघाला. पंपवाल्याने आमच्याकडे पाहून या म्हणून हात केला. मी गाडी टँकरमागे काढली.

"अहो, पेट्रोल!" उत्तरा म्हणाली.

"पुढे भरू. दहा पंप आहेत."

दहा होते. पिंपळगावला दोन, चांदवडच्या आधी तीन. पण प्रत्येक वेळी वळायची वेळ आली की टँकर पुढे निसटतो की काय असं वाटायचं. चांदवडला काटा लाल रेषेवर टेकला. उत्तराने तो मला बोटाने दाखवला. मनमाड आलं, मनमाडचा पूल आला, तिच्या बहिणीच्या घराचा फाटा आला आणि गेला.

"अहो, घर मागे राहिलं!"

"एक मिनिट," मी म्हणालो.

"तुम्ही या टँकरच्या मागे का चाललाय?"

मी नजर टँकरवरच ठेवली. उत्तरा हळूहळू सीटवर सरळ बसली. तिला कळलं. गजऱ्यापासून चिवड्यापर्यंत सगळं कळलं. "तुम्ही मला माझ्या बहिणीकडे नेतच नव्हता," ती म्हणाली, आणि त्याच क्षणी गाडीने दोन आचके दिले आणि ती थांबली.

जिथे थांबली ती जागा सांगण्यासारखी आहे. समोर डेपोचं फाटक. भिंतीपलीकडे बंगल्याएवढ्या पांढऱ्या टाक्या. रस्त्याच्या कडेने टँकरची रांग, लाल, निळे, पांढरे, मोजून तीस-पस्तीस. सगळ्या जिल्ह्याचं पेट्रोल माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि माझ्या टाकीत वास तेवढा उरला होता.

फाटकावरचा रखवालदार शिट्टी वाजवत आला. "इथं गाडी उभी करायची नाय. ज्वालाग्राही परिसर हाय."

"तिच्यात जळण्यासारखं काहीच नाही हो," मी म्हणालो. पण नियम नियम असतो. उत्तरा स्टिअरिंगवर बसली, मी मागून ढकलायला लागलो. टँकर ड्रायव्हरांनी चहाच्या टपरीवरून आम्हाला पाहिलं. कुणीही हसलं नाही, हे मी त्यांच्या बाजूने नमूद करतो.

टपरीपर्यंत पोचलो तर तिथे आमच्या टँकरचा ड्रायव्हर उभा होता, आणि त्याच्या शेजारी एक हवालदार.

"हाच तो," ड्रायव्हर म्हणाला. "आडगावपासनं मागं हाय. मी हळू केली की हा हळू. मी जोरात काढली की हा जोरात. मला वाटलं टँकर लुटणार. मालकाला फोन केला, मालकानं यांना केला."

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं, चिवड्याच्या डब्याकडे पाहिलं. "पाठलाग कशासाठी करत होता?"

"भूगोलासाठी," मी म्हणालो.

पुढची दहा मिनिटं मी त्यांना सगळं सांगितलं. तिळगूळ, पार्किंग, दिंडोरी रोड, सरकारी पत्र. सांगता सांगता माझा आवाज चढला. उत्तरा पाठ फिरवून उभी होती. हवालदाराने शेवटी एवढंच म्हटलं, "सर, तुम्ही चहा घ्या," आणि तो निघून गेला. ड्रायव्हरचं नाव पुंजा. त्याला मात्र ते सगळं आवडलं. बावीस वर्षांत त्याला त्याच्या कामाबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं.

"साहेब, लय सोपं हाय," तो म्हणाला. "मुंबईहून पाइपलाइननं माल येतो. इथं टाक्यांत पडतो. टँकरचा रंग येगळा, पंपाची पाटी येगळी. एका कंपनीकडं माल कमी पडला तर ती दुसरीकडून घेती. मी सोता भरून नेलाय. कंपनी तिचं थोडं औषध टाकती, तेवढाच फरक. मूळ तेल कुठल्या देशाचं? आता आमटी झाल्यावर पाणी कुठल्या हिरीचं, ते आमटीला इचारायचं का?"

मी खिशातून पाणीपुरवठ्याचं पत्र काढलं, पत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूला हे सगळं शब्दशः लिहिलं आणि खाली पुंजाची सही घेतली. 'पुंजा, टँकर चालक, अनुभव बावीस वर्षे.' अखेर पुरावा हाती आला! मी तो कागद वर धरून उत्तराला दाखवायला वळलो, तर उत्तरा कुणाशी तरी बोलत होती. टपरीच्या बाकावर, हातात चहाचा ग्लास घेऊन, आल्हादराव बसले होते.

मला पाहून ते चटकन उठले.

"खंडेराव म्हणाले, व्याख्यानाआधी मनमाडला जाऊन बघून या," ते ओशाळून म्हणाले. "तासभर झाला येऊन. आत सोडत नाहीत."

म्हणजे त्यांनी सगळं ऐकलं होतं. पुंजाचं, माझं, भूगोलासाठीचं. माझ्या हातातल्या कागदाकडे त्यांनी एकदा पाहिलं, मग माझ्या गाडीकडे. "पेट्रोल संपलं का सर?"

जवळचा पंप तीन किलोमीटर मागे होता, आणि बाटलीत पेट्रोल द्यायला तिथे मनाई होती. पुंजाने टँकरमधून दोरखंड काढला. त्याचं एक टोक आल्हादरावांच्या नव्या मोटारीला बांधलं, दुसरं माझ्या. माझ्या गाडीत कुणीतरी स्टिअरिंग धरायला हवं होतं, म्हणून मी बसलो. उत्तरा आल्हादरावांच्या गाडीत बसली. पुढे. तिथे एसी होता.

ते तीन किलोमीटर मी विसरणार नाही. दोरीच्या टोकाला मी, काचा खाली, मार्चचं ऊन. पुढच्या गाडीच्या मागच्या काचेतून मला त्या दोघांची डोकी दिसत होती. आल्हादराव काहीतरी सांगायचे, उत्तराचं डोकं हलायचं. एकदा तर ती हसली. माझ्या बाजूला बसून ती चांदवडपासून हसली नव्हती. आपल्या बायकोला दुसऱ्याच्या गाडीत हसताना पाहत, त्याच गाडीला बांधून फरफटत जाण्याचा प्रसंग परमेश्वराने कुणावर आणू नये. मी कागद चाचपून पाहिला. उद्या साडेपाच, मी मनात म्हटलं. उद्या साडेपाचला बघू कोण हसतं.

पंपावर मी टाकी भरली. आल्हादरावांनीही गाडी पुढे घेतली आणि म्हणाले, "माझीही भरा."

"आल्हादराव! हा तर तुमच्या तक्त्यातला लाल बाण."

ते खाली उतरले, मला माठाजवळ बाजूला घेऊन गेले. "सर, दिंडोरी रोडला मी तीनदाच गेलो. फार लांब पडतं." मग म्हणाले, "खरं सांगू? ह्यूस्टनला दोन महिने लेक-जावई सकाळी कामाला जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. मी खिडकीत बसायचो. आल्यावर सगळ्यांनी विचारलं, अमेरिका कशी. सांगण्यासारखं माझ्याजवळ काहीच नव्हतं हो. एकदा जावयाने पेट्रोल भरताना हे सहज म्हटलं होतं, तेवढंच आठवलं. तुम्ही बोललात तेव्हाच कळलं मला, की तुमचं बरोबर आहे. पण तोवर सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्याकडे कुणी असं बघत नाही सर. तुमच्याकडे निदान वर्गभर मुलं तरी बघतात."

माझ्याकडे मुलं कशी बघतात हे मी त्यांना सांगितलं नाही.

तिथून आम्ही उत्तराच्या बहिणीकडे गेलो, तिघंही. दोन वाजता पिठलं-भाकरी जेवलो. येताना उत्तरा माझ्या गाडीत बसली, पण मागच्या सीटवर. पिंपळगावला म्हणाली, "कागद वाचणार का उद्या?"

"माहीत नाही," मी म्हणालो, आणि ते खरं होतं.

रविवारी सभागृह भरलं होतं. सत्तरेक माणसं असतील. आल्हादराव बोलायला उभे राहिले. सुरुवात बरी केली, पण त्यांचे डोळे सारखे माझ्याकडे येत होते. मी तिसऱ्या रांगेत, वरच्या खिशात घडी केलेला कागद. वीस मिनिटं झाली आणि खंडेरावांनी हात वर केला. म्हाताऱ्याला हेच बघायचं होतं, म्हणून तर दोघांनाही त्याने मनमाडला पिटाळलं होतं.

"एक शंका हाय," खंडेराव म्हणाले. "दिंडोरी रोडला जाऊन-येऊन बावीस किलोमीटर. त्याला लागलेलं पेट्रोल कोणत्या देशाचं?"

सभागृहात खसखस पिकली. आल्हादरावांनी पाण्याचा पेला उचलला, प्यायले, ठेवला. पुन्हा उचलला. त्यात पाणी नव्हतं.

दोन महिने मी ज्या क्षणाची वाट पाहत होतो तो हाच. नुसतं उठायचं, घडी उघडायची आणि वाचायचं. मी उठलो. घडीही उघडली. आल्हादरावांनी माझ्याकडे पाहिलं. बाकावर उभं केलेल्या मुलासारखा चेहरा झाला होता त्यांचा. पूजाने कुवेत चुकवला त्या दिवशी तिचाही असाच झाला असेल.

"खंडेराव, प्रश्न रास्त आहे," मी म्हणालो. "आल्हादराव आणि मी काल त्यासाठीच मनमाडला गेलो होतो. दोघं मिळून." मग मी पुंजाचं म्हणणं वाचून दाखवलं. आमटीपाशी लोक हसले. "म्हणजे पंप बदलून आपल्याला तेलाचा देश बदलता येत नाही. पैसा कुठे जातो हा प्रश्न चांगलाच आहे, पण त्याचं उत्तर पंपावरच्या ताईंकडे नाही. पंप निवडायचा तर माप बघून निवडा. आणि कुठल्याच देशाला जास्त पैसे द्यायचे नसतील, तर कोपऱ्यावरून दूध आणायला गाडी काढू नका. ही सगळी चौकशी सुरू झाली ती आल्हादरावांनी विचारलं म्हणून."

टाळ्या झाल्या. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा भूगोलाला टाळ्या पडल्या. आल्हादराव मंचावरून उतरून आले आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मग अध्यक्षांनी वक्ते म्हणून आल्हादरावांना शाल आणि नारळ दिला. मला एक गुलाबाचं फूल मिळालं. देठ मोडलेलं होतं.

घरी येताना उत्तरा माझ्या हाताला धरून चालत होती. असं ती लग्नानंतर वर्षभर चालायची. मला वाटलं, आता ती बोलेल. कोपऱ्यावर ती बोललीच.

"आल्हादभावजींचं मन किती मोठं आहे नाही? स्वतःचं व्याख्यान, आणि तुम्हाला इतका वेळ बोलू दिलं."

मी थांबलो. शांतपणे श्वास घेतला. माझ्या मनात आता त्या माणसाबद्दल काही उरलेलं नाही, हे मी स्वतःला नीट समजावलं, आणि तसं तिला सांगावं म्हणून तोंड उघडलं.

"ती शाल शुद्ध लोकरीची नव्हती," मी म्हणालो. "मी जवळून पाहिली. निम्मं सूत होतं."